विहाराच्या वाटेवरचे वीस पाम

नर्सरीत काम करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, "याला ऊन चालतं का?" तीस वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं दिली. बहुतेक खरी दिली. एक उत्तर मात्र मी जाणूनबुजून अर्धवट दिलं, आणि ते निस्तरायला मला अख्खा उन्हाळा लागला. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" म्हटल्यावर मला पहिल्यांदा तोच उन्हाळा आठवला.

माझं माहेर देऊळघाट. लग्न होऊन मेहकरला आले आणि रस्त्याकडेच्या एका नर्सरीत मातीच्या पिशव्या भरायला लागले. भरता भरता झाडं कळत गेली. शेवटची बारा वर्षं नर्सरीचं जाळीघर माझ्या ताब्यात होतं. जाळीघर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेली हिरवी जाळी. तिच्याखाली कोवळी रोपं वाढतात. बाहेर एप्रिल-मेचं वऱ्हाडातलं ऊन आणि आत ही लेकरं, मध्ये फक्त ती जाळी. जाळी फाटली की मी आधी ती शिवायची आणि मग चहा घ्यायची.

पामाच्या बाबतीत लोकांचा एक पक्का समज असतो. समुद्रकाठच्या चित्रात पाम उन्हात उभा दिसतो, म्हणजे त्याला ऊन आवडतं. मेहकरचे एक बँकेतले साहेब होते. त्यांच्या बैठकीत दोन वर्षं सुपारीसारखा दिसणारा पाम छान वाढला होता. अक्षयतृतीयेला घर झाडायला काढलं, तेव्हा त्यांनी कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली, त्यालाही जरा ऊन मिळावं म्हणून. संध्याकाळपर्यंत पानांचे पापड झाले. साहेब कुंडी घेऊन रागानं माझ्याकडे आले. "तुमचं झाड रोगट निघालं," म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही वर्षानुवर्षं पंख्याखाली बसता. उद्या तुम्हाला भर दुपारी वखरामागं चालवलं तर काय होईल?"

साहेब हसले आणि कुंडी परत घेऊन गेले. तो पाम पुढं जगला.

या धंद्यातली खरी गोष्ट एवढीच आहे. काही पाम जन्मभर सावलीत राहतात. काही मोठेपणी भर उन्हात उभे राहतात, पण त्यांचंही बालपण सावलीत जातं. रानात बी आईच्या पायाशी पडतं आणि तिच्या सावलीत उगवतं. सावलीत आलेलं पान पातळ, रुंद, काळपट हिरवं असतं. उन्हात आलेलं पान जाड आणि चिवट असतं. आणि सावलीतल्या पानाचं उन्हातलं पान कधीच होत नाही. ऊन सोसतं ते पुढचं, नवं पान. म्हणून जाळीतलं रोप आधी विरळ जाळीखाली न्यायचं, मग सकाळच्या उन्हात, मग उघड्यावर. प्रत्येक टप्प्याला एखादं नवं पान फुटू द्यायचं. दीड-दोन महिने जातात. गिऱ्हाइकाला तेवढा धीर नसतो, आणि खरं सांगायचं तर मालकालाही नसतो.

आमचे मालक रामेश्वरभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत नव्या रोपांचा ट्रक यायचा होता आणि जाळीघर रिकामं करायची त्यांची गडबड चालली होती. नेमक्या त्याच दिवसांत कमलबाई आल्या.

कमलबाई दुसरबीडच्या अलीकडच्या एका गावातल्या. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. बांधा बारीक, आवाज हळू, पण समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायची सवय. त्यांच्या गावात सडकेपासून बुद्धविहारापर्यंतची वाट उघडीबोडकी होती. एक झाड नाही. तिथं दोन्ही बाजूंनी झाडं लावायची असं ठरलं, आणि विहाराच्या कमिटीनं ते काम पहिल्यांदाच महिला मंडळाकडं दिलं होतं.

"कमिटीवाल्या मान्सांनी दिलं खरं," त्या म्हणाल्या, "पण पाहून राह्यले की बायाईले जमते का नाई. म्हणून मले पक्कं झाड पाह्यजे."

त्यांना आमचे फॉक्सटेल पाम आवडले. यांची पानं कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार असतात. कमरेएवढी वीस रोपं जाळीघरात ओळीनं उभी होती, हिरवीगार. मी भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "ही अजून बाहेर काढलेली नाहीत."

"उन्हाचंच झाड आहे ते," भाऊ म्हणाले. "घेईल सवय. मला जागा पाहिजे."

मी परत आले तेव्हा कमलबाईंनी मला सरळ विचारलं, "उन्हात चालतीन ना हे?"

"हो, हे उन्हातलंच झाड आहे," मी म्हणाले.

शब्द खोटा नव्हता. पण मला माहीत होतं की ही वीस रोपं अजून उन्हातली झालेली नाहीत. ते मी बोलले नाही. मालकासमोर बोलायचं टाळलं, एवढंच कारण. रोपं टेम्पोत चढली आणि मी नव्या ट्रकच्या तयारीला लागले.

मार्च अर्धा सरला असेल. दुपारी जाळीघरात पाणी मारत होते, तेव्हा कमलबाई दारात उभ्या दिसल्या. बसनं आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पान काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. अख्खं पान वाळल्या कडब्यासारखं झालं होतं.

"वीसच्या वीस अशे झाले," त्या म्हणाल्या. "आम्ही रोज पाणी टाकून राह्यलो. मंग हे काऊन जळलं, मले सांगा."

भाऊ आतून आले. पान पाहिलं आणि म्हणाले, "पाणी कमी पडलं असेल. रोप नेल्यावर आमची जबाबदारी नसते, बाई."

कमलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. माझ्याकडंच पाहत राहिल्या. "कमिटीवाले म्हणतात, उपटून टाका आन् अशोक लावा. बायाईचं काम असंच असते म्हणे."

हे वाक्य मला लागलं. मी म्हणाले, "उपटू नका. मी गुरुवारी येते."

त्या गेल्यावर भाऊ माझ्यावर चिडले. "आपली चूक आहे असं एकदा म्हटलं, की उद्या सगळा जिल्हा जळकी पानं घेऊन दारात येईल."

"गुरुवार माझ्या सुट्टीचा आहे," मी म्हणाले. "सुट्टीत कुठं जायचं ते मी ठरवते."

गुरुवारी सकाळची जालन्याकडं जाणारी बस पकडली आणि फाट्यावर उतरून चालत गावात गेले. विहारासमोर सात-आठ बाया थांबल्या होत्या. कमिटीचे अध्यक्ष दादारावही होते, निवृत्त ग्रामसेवक, पांढऱ्या कपड्यातले, हाताची घडी घालून उभे. मी झाडांकडं वळले. दोन ओळींत वीस वाळक्या झाडण्या रोवल्यासारखं दिसत होतं. पाच झाडांची जळकी पानं कुणीतरी पार बुडापासून कापली होती, दिसायला बरं दिसावं म्हणून. बुडाशी चिखल झालेला.

मी आधी बोलून टाकलं. मागाहून धीर झाला नसता.

"बाई, हे तुमच्या पाण्यानं झालं नाही. ही रोपं सावलीतून काढून एकदम उन्हात द्यायची नव्हती. मला ते माहीत होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. दादाराव काहीतरी म्हणणार होते. कमलबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "बरं. मंग आता काय करतां ते सांगा."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी कामाला लागले.

फॉक्सटेल पामाला डोकं एकच असतं. फांद्या नाहीत, दुसरा कोंब नाही. मधोमध एक मिटलेलं नवं पान उभं असतं, त्याला आम्ही सुई म्हणतो. बाकीची पानं जळली तरी सुई हिरवी आणि घट्ट असेल तर झाड जिवंत. सुई हातात धरून हलकेच ओढायची. उपसून आली आणि खाली सडका वास आला, तर झाड गेलं. मी पहिल्या झाडाची सुई धरली. बाया पुढं सरकल्या. ती हलली नाही. दुसरीही नाही. तिसरी सुई सरळ हातात आली. वीसमधली तीन गेली होती. सतरा जिवंत होती.

"सतरा," कमलबाई म्हणाल्या. "म्हणजे उपटायचं काई काम नाई." हे त्या दादारावांकडं बघून म्हणाल्या.

मी सांगितलं ते असं. जळकं पान कापायचं नाही, कारण ते दिसायला वाईट असलं तरी बुंध्याला तेवढीच सावली देतं. रोज पाणी नको. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. तीन दिवसांनी एकदा, सकाळी, बुंध्यापासून हातभर लांब आळं करून द्यायचं. डोक्यात पाणी ओतायचं नाही. आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरायचं म्हणजे माती तापत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पश्चिमेला आणि दक्षिणेला आडोसा करायचा. सकाळचं ऊन मवाळ असतं, ते येऊ द्यायचं. मारतं ते दुपारनंतरचं.

तुरीचं पीक निघालं होतं. घरोघरी तुराट्यांचे भारे पडले होते. बायांनी तुराट्या आणल्या, सुतळीनं त्यांचे ताटवे, म्हणजे उभे पडदे, बांधले आणि प्रत्येक झाडाला दोन बाजूंनी लावले. वर निंबाच्या डहाळ्या विरळ टाकल्या. दुपारपर्यंत आमचे हात सोलून निघाले. कमलबाईंनी घरी नेऊन मला ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला.  निघताना म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी या."

मी प्रत्येक गुरुवारी गेले. माझ्या घरचे म्हणायचे, पगार नाही, भाडं आपलं, हे कशासाठी? मी पेन पिशवीत टाकून निघायची. दर आठवड्याला प्रत्येक सुईवर पेनानं बारीक खूण करायची आणि पुढच्या खेपेला ती खूण किती वर सरकली ते बघायची. सरकली म्हणजे झाड वाढतं आहे. पहिले दोन आठवडे एकही खूण सरकली नाही. कापलेल्या पाचांपैकी दोन झाडांची सुई काळी पडून गळाली. उघड्या बुंध्याला ऊन बसलं होतं. उरली पंधरा. तिसऱ्या गुरुवारी सहा झाडांच्या खुणा बोटभर वर आल्या होत्या. मी कमलबाईंना दाखवलं. त्यांनी वाकून प्रत्येक खूण स्वतः पाहिली, आणि मग एकेका बाईला बोलावून दाखवली.

आणि मग जयंती जवळ आली.

चौदा एप्रिलची मिरवणूक त्याच वाटेनं विहारात यायची. चार दिवस आधी गेले तर दादाराव वाटेवर उभे होते. काढायचे म्हणून त्यांनी दोन ताटवे सोडलेही होते.

"बाई, तुमच्या कामाले माझी ना नाई," ते मला म्हणाले. "पण बाहेरगावचे पाव्हणे येतात. विहाराच्या तोंडाशी हा बकऱ्यांचा कोंडवाडा बरा दिसते का? जयंतीपुरतं काढू. मंग लावजा परत."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. वर्षातून एकदा येणारा दिवस. गाव रंगवलेलं, पताका लागलेल्या, आणि मध्ये वाळक्या तुराट्यांचे आडोसे.

"दादा, आत्ताच सुया सरकायला लागल्या आहेत," मी म्हणाले. "एप्रिलची एक दुपार पुरते. नवं पान कोवळं आहे. ते जळलं तर झाडापाशी दुसरं काही शिल्लक नाही."

"एका दिवसानं काय होते?"

"यांना एका दिवसानंच झालं होतं."

ताटव्यावरचा हात त्यांनी काढला नाही. कमलबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या वळल्या आणि घराकडं निघून गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा हातावर दोन पांढरी सुती लुगडी होती, धुऊन घडी केलेली. विहारात वंदनेला बाया पांढरं नेसतात, त्यातली.

"तुराट्या खराब दिसतात ना?" त्या दादारावांना म्हणाल्या. "मंग ह्याची कनात बांधू. पांढरं तर शोभते नं जयंतीले?"

दादारावांनी लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे चालते का झाडाले?"

मी कापड उन्हात धरून पाहिलं. जुनं, दाट विणीचं सुती कापड. मागं माझा हात धूसर दिसत होता. "दुहेरी बांधलं तर तुराट्यांपेक्षा बरं," मी म्हणाले. "पांढरं आहे, तापणारही नाही."

संध्याकाळपर्यंत गावातल्या घराघरांतून पांढरी लुगडी आली. काही नवी, काही विरलेली, एका आजीचं ठिगळ लावलेलं. बांबू दादारावांनी स्वतः आणले आणि स्वतः रोवले. पंधरा झाडांना दोन बाजूंनी पांढऱ्या कनाती उभ्या राहिल्या. जयंतीला मी मुद्दाम गेले. निळ्या पताकांखालून मिरवणूक आली, दोन्ही बाजूंना ती पांढरी कापडं वाऱ्यानं फुगत होती. एक पाहुणे दादारावांना विचारत होते, डेकोरेशनवाला कुठला? दादाराव म्हणाले, "गावातल्याच बाया हायेत." एवढंच म्हणाले, पण कमलबाईंनी ऐकलं.

मे महिना कठीण गेला. बोअरचं पाणी उतरलं तेव्हा बायांनी भांडी घासलेलं पाणी गाळून आळ्यांत घातलं. दोनदा वाऱ्यानं कनाती उडाल्या आणि लेकीसुनांना घेऊन कमलबाई त्या शेतातून गोळा करत हिंडल्या. पण मेअखेर सुया उलगडल्या. पहिलं नवं पान आधीच्यापेक्षा आखूड होतं, रंगानं फिकं, हाताला जाड. तेच मला हवं होतं.

इथं मला वाटलं की काम झालं. पण अवघड भाग पुढं होता.

पाऊस स्थिरावला, आभाळ भरून राहायला लागलं, तेव्हा मी सांगितलं की आता कनाती काढायच्या. आधी दक्षिणेच्या, पंधरा दिवसांनी पश्चिमेच्या. ढगाळ दिवसांत झाडाला बेतानं ऊन मिळतं, सवय होते. सगळ्या बाया तयार झाल्या. कमलबाई झाल्या नाहीत.

"अजून लहान हायेत," त्या म्हणाल्या.

"बाई, आता सावली दिली तर पुढची पानंही सावलीचीच येतील. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतील."

"तुम्ही मागंही सांगतलं होतं, उन्हात चालते म्हणून."

 एकदा शब्द फुकट गेला की पुढचा खरा शब्दही हलका पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.  शेवटी बायांनी समजूत घातली आणि चौदा झाडांच्या कनाती निघाल्या. विहाराच्या अगदी दाराशी असलेल्या झाडाची मात्र कमलबाईंनी काढू दिली नाही. ते सगळ्यात जास्त जळलेलं होतं, आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता.

नर्सरीत मी भाऊंना सांगितलं की यापुढं उघड्यावर दोन महिने काढल्याशिवाय एकही पाम माझ्या हातून जाणार नाही. ते म्हणाले, "मालक कोण आहे?" मी म्हणाले, "तुम्हीच. तुम्ही तुमच्या हातानं द्या." मागच्या आवारात मी विटा लावून जागा आखली. दोन गिऱ्हाइकं परत गेली. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण विटाही त्यांनी हलवल्या नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये मी विहारात गेले. चौदा झाडं उघड्यावर उभी होती. पानांची टोकं थोडी तांबूस, बाकी हिरवी. पंधरावं कनातीआड सगळ्यांत उंच झालं होतं, पण काटकुळं, पानं लांब आणि लुळी, पूर्वेकडं कललेलं. कमलबाई त्याच्यापाशी बसल्या होत्या.

"हे काऊन असं झालं, मले कळलं," त्या माझ्याकडं न पाहता म्हणाल्या. "तुम्ही म्हणत होत्या. म्या आयकलं नाई."

"मीही एकदा सांगितलं नव्हतं, बाई."

"हाव." त्यांनी कललेला बुंधा हातानं चाचपला. "आता काय करतां?"

आता मार्च होता. एकदम कनात काढली असती तर ते झाड मेलंच असतं. आम्ही ठरवलं: हा उन्हाळा कनात राहू द्यायची, पण दुहेरीची एकेरी करायची, रोज सकाळी ती वर गुंडाळायची आणि ऊन चढलं की सोडायची. दर आठवड्याला पाव तास उशिरा सोडायची. हे काम रोजचं होतं, आणि त्याला एक दिवसही न चुकणारा माणूस लागणार होता.

"मी करतो," कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी ते चार महिने केलं. लेकीच्या घरी बाळंतपण होतं, तरी मुक्कामाला गेल्या नाहीत. सकाळी कनात गुंडाळून जायच्या आणि ऊन चढायच्या आत परत यायच्या. मी महिन्यातून एकदा जायची. जूनमध्ये त्या झाडाला नवं पान आलं. आखूड, फिकं, जाड. मी बोटांत धरून पाहिलं आणि त्याचं टोक त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते अंगठ्यानं चोळून पाहिलं, जसं बाजारात कापड पाहतात.

मग त्या उठल्या. बांबूची सुतळी त्यांनी स्वतः सोडली. गाठ पावसानं आवळली होती, दातांनी सोडवावी लागली. मी पुढं झाले तर मानेनंच नको म्हणाल्या. लुगडं उतरवून झटकलं, उन्हात धरून पाहिलं. मधोमध विरून जाळी झाली होती. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि काखेत धरली.

ढगांतून थोडं ऊन पडलं होतं. झाड कललेलंच होतं, ते सरळ व्हायला आणखी दोन वर्षं जाणार होती, कदाचित होणारही नव्हतं. कमलबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"चाल," त्या झाडाला म्हणाल्या, "आता तुहं तू पाह्य."

आणि मागं वळून न बघता घराकडं चालू लागल्या.